आजाराचं नाव नको, प्रश्न टाका

धायरीहून एका आत्याचं पत्र आलं आहे. भाची पाच वर्षांची. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवरचा ताबा बिघडणं), त्यातला स्पास्टिक डायप्लेजिया, म्हणजे कडकपणा मुख्यतः दोन्ही पायांत. घरात वॉकर धरून चालते, टाचा टेकत नाहीत, दमली की पायांची कात्री होते. भाऊ-वहिनी दोघं नोकरीला, त्यामुळे माहिती काढायचं काम बँकेत असलेल्या आत्याकडे आलं. त्या लिहितात : ‘गूगलवर टाकलं की जाहिरातीच येतात. कुणीतरी पबमेड सांगितलं, तिथे हजारो लेख निघाले आणि वरचाच उंदरांवरचा होता. दादाला एका सेंटरने हायपरबॅरिक ऑक्सिजनच्या 40 सेशनचं पॅकेज सांगितलंय, दीड लाखाचं. वहिनी पाटल्या मोडायला निघाली आहे. अपंगत्व आणि पुनर्वसनाचे डेटाबेस असतात म्हणे, त्यांत शोधायचं कसं? आणि शोधून आम्ही काय ठरवायचं?’

नमस्कार,

वहिनींना म्हणावं, पाटल्या तूर्त लॉकरमध्येच राहू द्या. शोधायचं कसं ते सांगतेच, माझी नोकरीच वैद्यकीय ग्रंथालयात गेली. पण पैशाचा निर्णय दारात उभा आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी.

सेरेब्रल पाल्सी आणि हायपरबॅरिक ऑक्सिजन हा काही अजून कुणी न तपासलेला विषय नाही. त्यावर चांगली चाचणी होऊन गेली आहे, आणि गंमत म्हणजे तीही 40 सेशनचीच होती. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात 3 ते 12 वर्षांची 111 मुलं घेतली आणि सोडत काढून त्यांचे दोन गट केले. एका गटाला चेंबरमध्ये दाबाखालचा ऑक्सिजन दिला, दुसऱ्याला त्याच चेंबरमध्ये किंचित दाब दिलेली साधी हवा. आपल्या मुलाला काय मिळतंय ते पालकांना माहीत नव्हतं, आणि मुलांची तपासणी करणाऱ्यांनाही नव्हतं. 2001 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला : दोन्ही गटांतली मुलं सुधारली, आणि जवळपास सारखीच सुधारली. फरक दिसला तो कानाच्या त्रासात. तो ऑक्सिजनच्या गटात जास्त मुलांना झाला.

हा निकाल दोनदा वाचण्यासारखा आहे. मुलं सुधारली नाहीत असं तो म्हणत नाही. सेंटरने तुमच्या भावाला जो व्हिडिओ दाखवला असेल (असे व्हिडिओ असतातच) तो खोटा असायची गरजच नाही. दोन महिने रोज आई-वडील मुलाला घेऊन कुठेतरी जातात, सगळ्या घराचं लक्ष त्या मुलावर असतं, मूल वाढीच्या वयात असतं, आणि दोन महिन्यांनी ते चार पावलं जास्त टाकतं. त्या चार पावलांचं श्रेय ऑक्सिजनला द्यायचं की नाही, हे फक्त दुसरा गट सांगू शकतो. आणि दुसऱ्या गटाने ‘नाही’ असं सांगितलं.

या उपचाराचे समर्थक म्हणतात की किंचित दाबाची हवा हाही उपचारच होता, म्हणून दोघांना गुण आला. म्हणोत. तसं असेल तर ते सिद्ध करायची जबाबदारी त्यांची आहे, आणि त्याचा खर्च वहिनींच्या पाटल्यांतून करायचं कारण नाही. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या एफडीएने 2013 मध्येच लोकांना सावध केलं होतं की सेरेब्रल पाल्सी किंवा ऑटिझमसाठी या उपचाराला त्यांची मान्यता नाही. खोल पाण्यात बुडी मारणाऱ्यांना वर येताना होणारा डीकम्प्रेशनचा त्रास, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, मधुमेहातल्या काही न भरणाऱ्या जखमा यांसाठी हे यंत्र खरोखर कामाचं आहे, आणि म्हणून ते चांगल्या रुग्णालयांतही दिसतं. यंत्र खरं आहे म्हणून त्याचा प्रत्येक उपयोग खरा ठरत नाही.

आता शोधायचं कसं.

तुम्ही पबमेडमध्ये, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या त्या प्रचंड सूचीत, आजाराचं नाव टाकलंत आणि हजारो लेख अंगावर आले. यात तुमचं काही चुकलं असं नाही, सगळे सुरुवात तिथूनच करतात, एमडीचे विद्यार्थीसुद्धा. पण आजाराचं नाव हा प्रश्न नव्हे. प्रश्नाला चार अंगं लागतात : मूल कोणतं, उपाय कोणता, तुलना कशाशी, आणि बघायचा बदल कोणता. पहिली दोन अंगं सगळ्यांना सुचतात. तिसरं किती महत्त्वाचं ते वर क्वेबेकच्या मुलांनी दाखवलंच. घरोघर राहून जातं ते चौथं.

‘सुधारणा व्हावी’ हा बदल शोधता येत नाही. वहिनींना विचारा, सहा महिन्यांत तिने काय करायला लागावं असं तुम्हाला वाटतं? रात्री एकटीने बाथरूमपर्यंत जाणं? शाळेच्या व्हॅनची पायरी चढणं? दोन्ही हातांनी डबा उघडता येईल इतका वेळ आधाराशिवाय उभं राहणं? भाचीलाही विचारा, पाच वर्षांची मुलं याचं उत्तर देतात आणि ते मोठ्यांना अपेक्षित नसतं. हे ठरलं की अर्धा शोध झाला, कारण अभ्यासांमध्येही बदल असाच तुकड्यातुकड्याने मोजलेला असतो : चालण्याचा वेग, सहा मिनिटांत कापलेलं अंतर, उभं राहण्यातला तोल, घोट्याची हालचाल किती अंशांनी वाढली. घोट्याचे अंश वाढले आणि व्हॅनची पायरी तिथेच राहिली, असं पुष्कळदा होतं. म्हणून आपल्याला नक्की काय हवं ते आधी माहीत पाहिजे.

पहिल्या अंगासाठी तिच्या फिजिओथेरपिस्टला एक गोष्ट विचारून ठेवा : जीएमएफसीएसची पातळी कोणती? कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी 1997 मध्ये केलेली ही पाच पातळ्यांची विभागणी आहे. पहिल्या पातळीची मुलं धावतात, अडचण फक्त वेग, तोल अशा गोष्टींत येते. पाचव्या पातळीच्या मुलांना मान सावरणंही कठीण असतं. घरात वॉकर धरून चालणारं मूल साधारण तिसऱ्या पातळीत येतं, पण ते ठरवायचं काम तपासणाऱ्याचं. बहुतेक अभ्यासांत ‘पातळी एक ते तीनची मुलं घेतली’ अशी ओळ असते. ती ओळ वाचून तुम्हाला एका क्षणात कळेल की हा लेख आपल्या मुलीबद्दल बोलतोय की नाही.

आता कुठे शोधायचं. फिजिओथेरपीचा प्रश्न असेल तर पबमेडकडे जाऊच नका, आधी पेड्रो उघडा. सिडनीतून 1999 पासून चालणारा हा फुकट डेटाबेस फक्त फिजिओथेरपीचा आहे, आणि त्यात तीनच प्रकारचे लेख घेतात : मार्गदर्शक सूचना, अनेक अभ्यास एकत्र तपासणारे आढावे, आणि सोडत काढून केलेल्या चाचण्या. उंदीर नाहीत, ‘आमच्याकडच्या एका रुग्णाची कहाणी’ नाही. साध्या शोधात तीन-चार शब्द टाका (रोमन लिपीत अर्थातच) : सेरेब्रल पाल्सी ट्रेडमिल, किंवा सेरेब्रल पाल्सी स्ट्रेंग्थ गेट (gait, म्हणजे चाल). मध्ये ‘अँड’ घालू नका, तो सगळे शब्द एकत्रच शोधतो. फार निकाल आले तर प्रगत शोधात जाऊन पीडियाट्रिक्स निवडा आणि फक्त आढावे मागा.

पेड्रोमध्ये चाचणीपुढे 10 पैकी गुण दिसतात. तिथे बँकेतली सवय बाजूला ठेवा, ही परतफेडीची हमी नाही. गुण चाचणी किती नीट केली त्याचे आहेत, उपाय किती गुणकारी त्याचे नाहीत. आठ गुणांची चाचणी छातीठोकपणे सांगू शकते की हा उपाय निरुपयोगी आहे. शिवाय 10 पैकी 10 शोधत बसू नका. गोळीत औषध आहे की साखर हे लपवता येतं, पण आपण व्यायाम करून घेतोय की नाही हे थेरपिस्टपासून कसं लपवणार? तिथला गुण जवळजवळ सगळ्यांचा जातो.

औषध, इंजेक्शन, ऑपरेशन किंवा असलं चेंबर यांचा प्रश्न असेल तर कॉक्रेन, म्हणजे उपचारांवरच्या अभ्यासांचे आढावे घेणारी आंतरराष्ट्रीय संस्था. कॉक्रेनचे आढावे संथ असतात, कोरडे असतात आणि बऱ्याचदा निराश करतात, पण प्रत्येक आढाव्यासोबत साध्या भाषेतला सारांश असतो आणि तो फुकट वाचता येतो. इंग्रजी दहावीपर्यंतचं असलं तरी पुरतं. यंत्राच्या आधाराने चालण्याच्या सरावावरचा 2020 मधला आढावा वाचून बघा. तुमच्या भाचीच्या जवळचा विषय आहे. त्यांनी ‘थोडा फायदा असू शकतो, पण खात्री कमी’ अशा अर्थाचं लिहिलं आहे, आणि खात्री कमी का तेही सांगितलं आहे. ज्या ब्रोशरमध्ये ‘खात्री कमी’ हे शब्द कधीच येत नाहीत त्याच्याशेजारी हा सारांश ठेवा.

मग पबमेड कशाला? कारण सगळं शेवटी तिथे असतं. साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. पबमेड म्हणजे मार्केट यार्ड : माल सगळा येतो, निवडून कुणी देत नाही. म्हणून ‘आमच्या उपचारावर पबमेडमध्ये इतके लेख आहेत’ असं कुणी सांगितलं तर त्याचा अर्थ एवढाच की लेख आहेत. ते विरुद्ध बाजूचेही असू शकतात. क्वेबेकची चाचणीही पबमेडमध्येच आहे! पबमेड चालवते अमेरिकेची राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय संस्था, पण नोंद झाली म्हणजे अमेरिकी सरकारने उपचाराला मान्यता दिली असं मुळीच नाही. हा गैरसमज शिकलेल्या घरांत जास्त आहे.

तिथे निवड तुम्हालाच करावी लागते, आणि डावीकडच्या चाळण्या त्यासाठीच आहेत. ‘सिस्टिमॅटिक रिव्ह्यू’वर खूण करा, वयात ‘चाइल्ड’ निवडा, मग ‘फ्री फुल टेक्स्ट’. हजारोंचे शेकडो होतील. आधी अवतरणचिन्हांत काही टाकू नका. अवतरणचिन्हं घातली की पबमेड तुमच्या शब्दाचे समानार्थी शब्द शोधणं बंद करतो. एखादा चांगला लेख सापडला की त्याच्या पानावर ‘सिमिलर आर्टिकल्स’ दिसतात, तिथून पुढे जाणं नव्या शब्दांनी पुन्हा सुरुवात करण्यापेक्षा सोपं असतं. लेख मागे घेतला गेला असेल तर तशी सूचना नोंदीवरच असते, तिकडे नजर टाकायची सवय लावा.

पूर्ण लेखाचे पैसे मागितले तर लगेच कार्ड काढू नका. पबमेड सेंट्रल या भावंड संग्रहात पुष्कळ लेख पूर्ण मिळतात. लेखकाला दोन ओळींची ईमेल केली तर बरेच जण लेख पाठवतात, त्यांना वाचक हवेच असतात. आणि जानेवारी 2025 पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना सुरू झाली आहे, तिच्यामुळे सरकारी शिक्षण आणि संशोधन संस्थांमध्ये सुमारे 13,000 नियतकालिकं उघडी झाली. पुण्यात ओळखीपाळखीत विद्यापीठात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकणारं कुणीतरी निघतंच. त्याला लेख दाखवायला सांगा.

लेख हातात आल्यावर तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायची गरज नाही. सारांशात चार गोष्टी बघा : मुलं किती, दुसरा गट होता का, मोजलं काय, आणि उपाय संपल्यावर किती दिवसांनी मोजलं. शेवटची गोष्ट लोक सोडून देतात. आठ आठवड्यांचा व्यायाम संपला त्याच संध्याकाळी मोजलेला वेग आणि सहा महिन्यांनी टिकलेला वेग, यांत फार अंतर असतं. ‘सिग्निफिकंट’ हा शब्द दिसला की सावकाश. त्याचा अर्थ एवढाच, की हा फरक निव्वळ योगायोगाने दिसला असण्याची शक्यता कमी आहे. फरक मोठा आहे असा त्याचा अर्थ नाही. सेकंदाला चार-पाच सेंटिमीटरने वाढलेला वेग कागदावर सिग्निफिकंट ठरू शकतो, पण सिंहगड रोड ओलांडायला त्याचा उपयोग नाही.

चॅटबॉटला विचारलंत का, ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण विचारलं असेलच. अवघड परिच्छेद सोपा करून घ्यायला तो बरा. त्याने लेखाचं नाव दिलं तर ते नाव पबमेडमध्ये जसंच्या तसं टाकून बघा. लेखक खरे, नियतकालिक खरं आणि लेखच अस्तित्वात नाही, असं घडतं.

आता एका लेखाबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवं, कारण तुम्ही शोधायला लागलात की तो तुमच्यापुढे येणारच. ऑस्ट्रेलियातल्या आयोना नोवाक आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये सेरेब्रल पाल्सीवरच्या 64 उपायांचा आढावा घेऊन त्यांना सिग्नलचे रंग दिले : हिरवा, पिवळा, लाल. पुढे 2020 मध्ये त्याची वाढवलेली आवृत्तीही आली. 2013 च्या लेखात हायपरबॅरिक ऑक्सिजन लाल आहे. हिरव्यात आहेत ठरावीक ध्येय धरून केलेला सराव, घरी करायचे ठरवून दिलेले कार्यक्रम, कडकपणासाठी बोटॉक्स, आणि खुब्यांची नियमित तपासणी. घरच्या कार्यक्रमाला पैसे लागत नाहीत. वेळ लागतो, आणि तो कोण देणार हा प्रश्न तुमच्या घरात तुम्हा तिघांना बसून सोडवावा लागेल.

पण त्याच लाल यादीत एनडीटी (न्यूरोडेव्हलपमेंटल थेरपी) ही फिजिओथेरपीतली जुनी पद्धतही आहे, आणि इथे मला तुमची काळजी वाटते. आपल्याकडच्या कितीतरी थेरपिस्टचं शिक्षण याच पद्धतीत झालेलं आहे, आणि आज एनडीटी म्हणून जे केलं जातं ते सगळीकडे सारखं नसतं. कुणी मुलाला गादीवर झोपवून नुसते पाय ताणतं, कुणी त्याच नावाखाली मुलीला पायरी चढायचा सराव देतं. कागदावर लाल दिसलं म्हणून छापील लेख घेऊन फिजिओच्या टेबलावर आपटू नका. विचारा असं : ‘तिला व्हॅनची पायरी चढायची आहे. आपण जे करतोय त्यातला किती वेळ ती स्वतः पायरीवर सराव करते?’ चांगली थेरपिस्ट या प्रश्नाने खूश होईल. दुखावली गेली, तर तीही माहितीच.

खुब्यांचं मात्र टाळू नका. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. यात नवल नाही, कारण खुबा सरकायला लागला तरी सुरुवातीला दुखत नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या 323 मुलांचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या पातळीच्या एकाही मुलाचा खुबा सरकलेला नव्हता. तिसऱ्या पातळीत 41 टक्के मुलांचा सरकलेला होता, पाचव्यात 90 टक्के. उपाय वेळेवर झाला तर मोठं ऑपरेशन टळू शकतं, आणि वेळ कळते ती एक्स-रेवरून. आपल्या इथेही इंडियन अकॅडमी ऑफ सेरेब्रल पाल्सी आणि बालअस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मिळून खुबा तपासणीच्या सूचना काढल्या आहेत. ‘हिप सर्व्हेलन्स सेरेब्रल पाल्सी इंडिया’ असं शोधा आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारा : शेवटचा पेल्व्हिसचा (कमरेच्या हाडांचा) एक्स-रे कधी झाला, पुढचा कधी? दीड लाखाच्या पॅकेजपेक्षा हा एक्स-रे आधी.

इतकं झालं ते ‘हा उपाय चालतो का’ या प्रश्नाचं. ‘आम्हाला काय मिळू शकतं’ आणि ‘हा माणूस खरा आहे का’ हे प्रश्न वेगळे, आणि परदेशी डेटाबेस त्यांचं उत्तर देणार नाहीत. अमेरिकेतल्या नॅरिक या पुनर्वसन माहिती केंद्राच्या रिहॅबडेटा संग्रहात 1956 पासूनच्या पुनर्वसन साहित्याचे सारांश आहेत. स्वतंत्र राहणं, नोकरी, कुटुंबावरचा भार अशा विषयांसाठी तो चाळण्यासारखा आहे, पण त्यात सांगितलेल्या सोयी तिकडच्या. शिवाय असे संग्रह अनुदानावर चालतात. साधनांची माहिती देणारा एबलडेटा हा लोकप्रिय संग्रह 2020 मध्ये बंद झाला आणि त्याचे दुवे अजून जुन्या पानांवर फिरतात. म्हणून सापडलेलं उपयोगी पान लगेच पीडीएफ करून ठेवा आणि शेवटची दुरुस्ती कधीची ते बघा. वॉकर, स्टँडर (उभं राहायला आधार देणारी चौकट), एएफओ (घोट्याचा स्प्लिंट) यांचे प्रकार नुसते समजून घ्यायचे असतील तर युरोपातला ईस्टिन हा साधनांचा संग्रह बघा. खरेदी इथेच करायची. पायांच्या स्प्लिंटसाठी आपल्या शहरात 1944 पासूनचं कृत्रिम अवयव केंद्र वानवडीत आहे, आणि कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीची साधनं केंद्राच्या एडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेतून मिळतात.

माणसं तपासायला नोंदवह्या आहेत. स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या केंद्रीय नोंदवहीत असते आणि ती ऑनलाइन बघता येते. फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट त्यात सापडणार नाहीत. लगेच घाबरू नका, त्यांच्यासाठी महाराष्ट्राची वेगळी राज्य परिषद आहे. आणि कुणी स्टेम सेलचं नाव काढलं (आज ऑक्सिजन आहे, उद्या ते येईल) तर सीटीआरआय ही क्लिनिकल चाचण्यांची भारतीय नोंदवही उघडा. ती 2007 पासून आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही मान्य आजारांसाठीचं स्टेम सेल प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी सगळं फक्त नोंदणी केलेल्या चाचणीतच करता येतं, आणि चाचणीत घेतलेल्या मुलाकडून उपचाराचे पैसे मागायचे नसतात. पैसे मागितले की उत्तर मिळालं.

हक्कांबद्दल थोडक्यात, कारण हे तुम्ही बँकेत असल्यामुळे माझ्यापेक्षा पटकन पार पाडाल. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, सेरेब्रल पाल्सी त्यात आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो. ते हातात आलं की केंद्राच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय या आरोग्य विम्यासाठी अर्ज करा : वर्षाला एक लाखापर्यंत, आणि त्यात नियमित थेरपीचा खर्चही बसतो. ठरावीक मर्यादेत बसतो, पण बसतो. पुढच्या वर्षी ती सहा वर्षांची होईल. दिव्यांगत्वाचं प्रमाण 40 टक्के किंवा त्याहून जास्त असलेल्या मुलांना 6 ते 18 वयात जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क याच कायद्याच्या कलम 31 मध्ये आहे. शाळेने का-कू केली तर राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय आपल्या पुण्यातच, चर्च रोडला आहे. बाकीच्या जिल्ह्यांतले लोक तिथे एसटीने येतात. शाळेत शिकवण्याच्या पद्धतींबद्दल वाचायचं झालं तर एरिक हा शिक्षणाचा डेटाबेस आहे, फुकट आहे, पण ते नंतर. आत्ता एवढं सगळं एकदम उघडू नका.

राहिला भाऊ. त्याला पबमेडचे प्रिंटआउट दाखवून हरवायचा प्रयत्न करू नका. तो पॅकेज विकत घेत नाहीये, ‘आपण काहीच केलं नाही’ असं पुढे वाटू नये म्हणून धडपडतोय. त्याला काहीतरी करायला द्या. त्या सेंटरला जाऊन त्यानेच चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरं लेखी मागावीत : आमच्या मुलीच्या पातळीच्या मुलांवर, दुसरा गट ठेवून केलेली कोणती चाचणी तुमच्याकडे आहे? 40 सेशननंतर नेमकं काय बदललेलं दिसेल आणि ते तुम्ही कशाने मोजाल? कानाला इजा झाली तर जबाबदारी कुणाची? आणि मध्येच थांबवलं तर उरलेले पैसे परत मिळतील का? तोंडी उत्तरांवर पैसे भरायचे नाहीत, एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्या.

त्यांनी एखाद्या लेखाचं नाव लिहून दिलंच, तर ते मला पाठवा. पूर्ण लेख मिळवून त्यात मुलं किती होती आणि दुसरा गट होता की नाही, ते याच सदरात लिहीन.